गुग्गुळ, तांदळावरची बुरशी आणि रक्तातला एक आकडा

२०२४ साली महिन्याभराच्या अंतराने कोलेस्टेरॉलविषयी दोन बातम्या आल्या. ५ जून रोजी जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचे निधन झाले. जगभर कोट्यवधी लोक आज जी स्टॅटिन गटातील गोळी घेतात, त्या गटातले पहिले द्रव्य त्यांनी शोधून काढले होते. पुढे जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने रक्तातील मेदद्रव्यांविषयी भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रथमच प्रसिद्ध केल्या. या दोन बातम्यांच्या आड एक तिसरी गोष्ट आहे, ती गुग्गुळाची. वाराणसीत सुरू झालेली ही गोष्ट पुणे, लखनौ, नागपूर, मुंबई अशा शहरांतून गेली. एंडोंच्या बुरशीपेक्षा सात वर्षे आधी तिचा आरंभ झाला आणि दोन्ही औषधे जवळजवळ एकाच सुमारास बाजारात आली. तरीही एक जगभर रुजले, दुसरे मागे पडले. ‘आपले होते म्हणून डावलले’ हे उत्तर समाजमाध्यमांवर तयार मिळते. मला मात्र उत्तर जुन्या शोधनिबंधांतील आकड्यांत दिसते, आणि त्यांतले महत्त्वाचे आकडे भारतीयच आहेत.

हे लिहिण्याचे निमित्त सांगायला हवे. माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली, परंतु नावामागे ‘डॉ.’ लागले की भिलाईसारख्या कारखान्याच्या वसाहतीत शेजारीपाजारी रक्ताचे अहवाल घेऊन येतात. ‘मी तो डॉक्टर नव्हे’ हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले आहे की आता ते पाठ झाले आहे. त्या अहवालांबरोबर हमखास येणारा प्रश्न असा : स्टॅटिन बंद करून गुग्गुळ घेतला तर चालेल का? औषधाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. या प्रश्नामागचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्रथम सापडला तो पित्ताशयातील खड्यांमध्ये, अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास त्याला ग्रीक भाषेतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या शब्दांवरून नाव दिले. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते आणि शरीर स्वतःच ते तयार करते. त्याच्यावाचून जगणे शक्य नाही. १९१० मध्ये विंडाऊस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला रोगट महारोहिणीच्या भित्तीवरील थरांत ते निरोगी भित्तीच्या वीस पटींहून अधिक आढळले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर निर्माण केले. ससा शाकाहारी, त्याच्यावरून माणसाविषयी काय ठरवणार, हा आक्षेप लगेच आला. उंदीर आणि कुत्र्यांत तसे घडत नव्हते, त्यामुळे तो बरीच वर्षे टिकलाही.

यापुढचे पाऊल भौतिकशास्त्राच्या साधनाने पडले, म्हणून तिथे मी थोडा रेंगाळणार आहे. मेद पाण्यात विरघळत नाही, मग ते रक्तातून वाहते कसे? प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेल्या सूक्ष्म कणांतून. हे कण वेगळे करण्याची रीत जॉन गॉफमन यांनी १९४९-५० मध्ये बर्कली येथे बसवली. हा मनुष्य अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियमवर काम करून आला होता. रक्तद्रवात मीठ मिसळून त्याची घनता वाढवायची आणि तो अतिवेगाने फिरणाऱ्या अपकेंद्रयंत्रात ठेवायचा; जड कण तळाशी जातात, हलके वर तरंगतात. प्रति मिलिलिटर सुमारे १.०१९ ते १.०६३ ग्रॅम घनतेच्या कणांना एलडीएल, म्हणजे कमी घनतेचे मेदप्रथिन, असे नाव मिळाले, १.०६३ ते १.२१ या पट्ट्यातले ते एचडीएल. ‘वाईट कोलेस्टेरॉल’ आणि ‘चांगले कोलेस्टेरॉल’ ही नावे नंतरची. दोन्ही कणांतला कोलेस्टेरॉलचा रेणू अगदी एकच असतो, फरक असतो तो वाहनाचा. एलडीएल यकृताकडून ऊतींकडे माल नेते आणि अतिरिक्त झाले की रोहिणीच्या अस्तरात शिरून अडकते. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या अहवालांत एलडीएलचा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतो, तर फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन यांच्या १९७२ च्या सूत्राने काढलेला असतो : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर गेले की हे सूत्र चालत नाही.

आता वाराणसी. बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळावरचा प्रबंध पूर्ण केला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात स्थौल्याचे वर्णन आहे. बैठी राहणी, दिवसाची झोप आणि कफवर्धक आहार यांनी मेद साचतो, त्याने शरीरातील मार्ग अडतात आणि त्यातून पुढचे विकार उद्भवतात, असा तो क्रम. आणि उपायांच्या यादीत शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा यांच्याबरोबर गुग्गुळ आहे. नवा गुग्गुळ पुष्टी देतो आणि जुना ‘लेखन’ करतो, म्हणजे खरवडून काढतो, असाही भेद आयुर्वेदाने केला आहे. सुश्रुतांना कोलेस्टेरॉल ठाऊक होते असे यावरून म्हणणे हा आपला उत्साह झाला; ते मेदाविषयी बोलत होते. सत्यवतींचे मोठेपण वेगळे आहे. त्या वर्णनातून त्यांनी प्रयोगाने तपासता येईल असा प्रश्न तयार केला. सशांत कोलेस्टेरॉल कृत्रिमरीत्या वाढवून त्यांनी गुग्गुळ दिला, ते उतरले. द्वारकानाथ आणि त्रिपाठी यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

त्या डिंकात नेमके आहे काय, हा प्रश्न पुण्याकडे गेला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या गटाने आयुर्वेदीय द्रव्यांच्या रसायनाची एक लेखमालाच हाती घेतली होती आणि तिचा पहिला विषय गुग्गुळ हा होता. पाटील, नायक आणि सुख देव यांचा १९७२ चा निबंध ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. अनेक घटकांच्या त्या चिकट मिश्रणातून त्यांनी गुग्गुळस्टेरॉन हे स्टेरॉइड वेगळे केले. एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी बदलली की त्याची दोन रूपे होतात, तीही ओळखली. कोलेस्टेरॉल हाही स्टेरॉइडच. ज्याला उतरवायचे त्याचा आणि ज्याने उतरवायचे त्याचा चार कड्यांचा सांगाडा एकच निघाला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने डिंकाचा इथिल अॅसिटेटमध्ये विरघळणारा भाग घेऊन, त्यातील गुग्गुळस्टेरॉनचे प्रमाण निश्चित करून ‘गुगुलिपिड’ हे औषध तयार केले.

याच काळात टोकियोत सांक्यो कंपनीतील अकिरा एंडो बुरशी गोळा करत होते. त्यांचा तर्क साधा होता. बुरशीला जंतूंशी झगडावे लागते. ज्या शत्रूंना जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये लागतात, त्यांची ती निर्मितीच रोखणारे एखादे रसायन कोणत्यातरी बुरशीने बनवले असेल. १९७१ पासून दोन वर्षांत सुमारे ६,००० प्रकार तपासल्यावर, क्योटोतल्या तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या पेनिसिलियम बुरशीत ते सापडले. १९७३ साली हाती आलेल्या या द्रव्याला पुढे कॉम्पॅक्टिन असे नाव पडले. उंदरांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. प्रकल्प तिथेच गुंडाळला जायचा; पण कितानो या सहकाऱ्याकडे अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार. तिच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले.

एंडोंच्या नशिबाने त्याच सुमारास डलासमध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर एका आनुवंशिक व्याधीचा अभ्यास करत होते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळालेल्या मुलांना बालवयातच हृदयविकाराचा झटका येत असे. त्यांच्या पेशींवर एलडीएल आत घेणारी दारेच नसतात, हे या दोघांनी दाखवून दिले. इतरांच्या पेशींना ती दारे असतात आणि त्यांची संख्या गरजेनुसार बदलते. स्टॅटिनने यकृतातील निर्मिती रोखली की यकृत अधिक दारे उघडते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. १९८५ चे नोबेल या शोधाला मिळाले. कॉम्पॅक्टिनचे नशीब मात्र फुटके निघाले. कुत्र्यांवर मोठ्या मात्रा दिल्यावर कर्करोगासारखे बदल दिसल्याची शंका आली आणि १९८० मध्ये सांक्योने ते सोडून दिले. मर्क कंपनीने दुसऱ्या एका बुरशीतून मिळवलेल्या लोवास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. भारतात गुगुलिपिडला ती १९८६ मध्येच मिळाली होती.

इथे घटकाभर थांबून क्लोफायब्रेट या तिसऱ्या औषधाची आठवण करायला हवी, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. एडिंबरा, बुडापेस्ट आणि प्राग येथे जागतिक आरोग्य संघटनेने १५,००० हून अधिक पुरुषांना घेऊन त्याची चाचणी केली. १९७८ मध्ये निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी उतरले होते, जीवघेणे नसलेले झटकेही कमी झाले होते, परंतु औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू अधिक होते. अहवालातला आकडा सुधारला आणि माणसे मात्र जास्त दगावली. कोलेस्टेरॉल उतरवणारे प्रत्येक औषध आयुष्य वाढवतेच असे नाही, हा धडा त्या वर्षी वैद्यकाला मिळाला.

गुगुलिपिडच्या भारतीय चाचण्यांचा अहवाल नित्यानंद, श्रीवास्तव आणि अस्थाना यांनी १९८९ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. केंद्रे सात होती : मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी. नागपूर इथून रेल्वेने चारएक तासांवर, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे. या एका अहवालात दोन चाचण्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

पहिली खुली होती. औषध कोणते हे रुग्णालाही ठाऊक, डॉक्टरलाही ठाऊक. २०५ रुग्णांनी बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. बाजारातील पत्रकांवर मिरवला जातो तो हा आकडा. दुसरी चाचणी दुहेरी अंध होती, म्हणजे कोणाला गुगुलिपिड मिळते आहे आणि कोणाला क्लोफायब्रेट, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हते. तीत गुगुलिपिडने झालेली सरासरी घट ११ टक्के होती आणि क्लोफायब्रेटने झालेली १० टक्के.

तेच औषध, तेच संशोधक, तरी २३.६ चे ११ कसे झाले? यात लबाडी शोधू नये. संशोधकांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले आहेत. कोणत्याही मोजमापात हे घडते. रक्तातले कोलेस्टेरॉल दिवसागणिक थोडे हलते. ज्या दिवशी आकडा चढा निघाला त्या दिवशी माणूस चाचणीत निवडला जातो आणि पुढच्या खेपेस, काहीही न करता, तो आकडा बहुधा थोडा खाली आलेला असतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुले यांच्या उंचीत हीच प्रवृत्ती पाहिली; तिला सरासरीकडे परतणे म्हणतात. या अहवालात आधी आठ आठवडे केवळ आहार आणि प्लासिबो देऊन तिचा प्रभाव कमी करण्याचा प्रयत्न झाला होता, हे नोंदवले पाहिजे. पण उपचार सुरू झाला या जाणिवेने माणूस तळलेले कमी खातो, संध्याकाळी फिरायला जातो. शिवाय ज्यांच्यात घट दिसली त्यांचीच सरासरी सांगितली की ती फुगते. डोळे बांधले की यातला पुष्कळ भाग गळून पडतो. उरलेले ११ टक्केही अगदीच नगण्य नव्हते. परंतु ज्याची बरोबरी झाली ते क्लोफायब्रेट दहाएक वर्षांपूर्वीच बदनाम झालेले होते, आणि गुगुलिपिडने झटके किंवा मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न या बारा आठवड्यांच्या आवाक्यातला नव्हता.

स्टॅटिनने तो प्रश्न अंगावर घेतला. नॉर्डिक देशांतील ‘फोर-एस’ या चाचणीत आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. त्यांचा सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. १९९४ मध्ये मोजणी झाली तेव्हा प्लासिबो घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले होते, सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२. हा खर्च मर्कने केला, कारण मिळकतीची खात्री होती. झाडाच्या डिंकावर एवढा पैसा कोण लावणार? हा प्रश्न रास्त आहे आणि गुग्गुळाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे हे म्हणणे मला पटते. मात्र ‘चाचणीला पैसा मिळाला नाही’ या वाक्यातून ‘चाचणी झाली असती तर यश मिळालेच असते’ हे वाक्य निघत नाही.

त्याच १९९४ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी एक छोटे पण मोलाचे काम प्रसिद्ध केले. निरोगी स्वयंसेवकांना गुगुलिपिडबरोबर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयविकार-रक्तदाबाची औषधे दिली, तेव्हा रक्तात पोहोचणारे त्या औषधांचे प्रमाण लक्षणीय घटले. ज्याला गुग्गुळ घ्यावासा वाटतो त्याच्याच खिशात ही औषधे असण्याचा संभव अधिक, म्हणून हे काम मला सर्वांत व्यवहारोपयोगी वाटते. त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

२००२ मध्ये गुग्गुळाला अचानक चांगले दिवस आले. ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी दाखवले की गुग्गुळस्टेरॉन हे यकृतातील एफएक्सआर नावाच्या ग्राहीला अडवते. पित्ताम्लांच्या नियमनाशी या ग्राहीचा संबंध आहे. ज्या उंदरांत हा ग्राहीच नव्हता त्यांच्यावर गुग्गुळाचा परिणाम झाला नाही. इतकी नेटकी कार्यपद्धती क्वचितच सापडते. आणि पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणी ‘जामा’ मध्ये आली. १०३ प्रौढ, आठ आठवडे, प्रमाणित गुगुलिपिडच्या दोन मात्रा आणि प्लासिबो, दुहेरी अंध. प्लासिबो गटात एलडीएल ५ टक्क्यांनी उतरले. गुगुलिपिडच्या गटांत ते चढले, लहान मात्रेने ४ आणि मोठ्या मात्रेने ५ टक्क्यांनी. औषध घेणाऱ्यांपैकी सहा जणांना अंगावर पुरळही उठले.

यावर आक्षेप घेतले गेले. अमेरिकी आहार वेगळा, कालावधी थोडा, मूळ ग्रंथातला जुना शोधित गुग्गुळ वेगळा. हे सर्व तपासण्याजोगे आहे. २००९ मध्ये नॉर्वेत ४३ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरले, पण त्यात एचडीएलही उतरले आणि एलडीएल जागच्या जागी राहिले. आयुर्वेदातील मूळ उपयोग स्थौल्य, वात, सांधे यांसाठी होता. त्या उपयोगांविषयी या चाचण्या काहीच सांगत नाहीत. तो वेगळा विषय आहे.

स्टॅटिनचीही दुसरी बाजू आहे. काहींना स्नायूंचा त्रास होतो, मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, गरोदरपणात ती सहसा थांबवतात. तरी ‘गोळीने अंग दुखते’ ही तक्रार कितपत गोळीची? २०२० मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर, महिन्याला एक, अशा बाटल्या दिल्या : चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग प्लासिबोच्या महिन्यांतही जाणवला. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण गोळीतले रसायन नव्हते. डोळे बांधल्यावर गुग्गुळाचा गुण जसा आटला, तसा इथे स्टॅटिनचा दोष आटला.

आपल्याकडचा आजचा प्रश्न मोठा आहे. आयसीएमआर-इंडियाब या १,१३,०४३ जणांच्या पाहणीत ८१.२ टक्के प्रौढांच्या मेदद्रव्यांत काही ना काही बिघाड आढळला. मथळ्यांत हा आकडा भयंकर दिसतो. पण चारपैकी एक मोजमाप मर्यादेबाहेर असले तरी माणूस त्यात धरला जातो, आणि कमी एचडीएल हे आपल्याकडे फार सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला ‘सडपातळ पण मेदस्वी’ भारतीय इथे आठवतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली होती. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३, युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

२०२४ च्या भारतीय सूचना म्हणूनच एका आकड्यावर थांबत नाहीत. सामान्य माणसासाठी एलडीएल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, जास्त धोका असलेल्यांसाठी ७० च्या खाली, झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांसाठी ५५ च्या खाली. पहिली तपासणी अठराव्या वर्षी, आणि घराण्यात अकाली हृदयविकार असेल तर त्याहूनही आधी. लिपोप्रोटीन-ए हे आनुवंशिक मोजमाप आयुष्यात एकदा तरी करून घ्यावे, असेही त्या सांगतात. तेव्हा शेजारी अहवाल घेऊन आले की मी आकड्याआधी दोन गोष्टी विचारतो : घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला होता का, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गुग्गुळाचे नाव बहुतेकदा येत नाही. ‘ते काय औषध आहे!’ म्हणून ते डॉक्टरांनाही सांगितलेले नसते.

छत्तीसगडच्या बाजारात आणखी एक घोटाळा होतो. आमच्या कोरड्या डोंगरांवरच्या सलईचा डिंक ‘सलई गुग्गुळ’ या नावाने विकला जातो. झाड त्याच कुळातले, पण वेगळे. त्याच्यात गुग्गुळस्टेरॉन शोधू नये. खरा गुग्गुळ कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या रखरखीत जमिनीवरचे काटेरी झुडूप. जास्त डिंक मिळावा म्हणून त्याच्या खोडाला खोल चरे पाडतात आणि ते वाळून जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे.